पुराची नाव उन्हाळ्यांत पाहावी

कोल्हापुरांत पावसाळा भरांत आला म्हणजे घरोघर एकाच आंकड्याची चौकशी सुरू होते. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आलें? ३९ फूट ही इशाऱ्याची पातळी आणि ४३ फूट ही धोक्याची, हें येथील शाळकरी मुलांनाहि पाठ असतें. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची वार्ता आली कीं सुतारवाड्यांतील माणसें सामानाची बांधाबांध करूं लागतात, आणि प्रयाग चिखली व आंबेवाडी येथील लोक गुरें सोडून उंचावर नेतात. २००५ सालीं हें झालें, २०१९ सालीं त्याहून भयंकर झालें, आणि दोनच वर्षांनीं, २०२१ सालीं, पुन्हां झालें. २०१९ च्या ऑगस्टांत बंधाऱ्यावरील पाणी ५५ फुटांच्याहि वर चढलें, आणि पुणें-बंगळूर हमरस्ता शिरोलीपाशीं कित्येक दिवस बंद राहिला. शाहूपुरी, नागाळा पार्क अशा सुखवस्तु भागांतहि पाणी शिरलें, आणि ज्यांनीं जन्मांत कधीं वल्हें हातीं धरलें नव्हतें अशा कुटुंबांस नावेची वाट पाहत गच्चीवर बसावें लागलें.

अशा वेळीं सर्वांस नावेची आठवण होते. परंतु ती नाव मागचे दहा महिने कोठें होती, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. पूर ओसरला कीं ती एखाद्या चावडीच्या मागें, नाहीं तर चिंचेच्या झाडाखालीं, उताणी पडून राहते. परतीच्या पावसाचें पाणी तिच्यांत सांचतें, पाचोळा कुजतो, कुत्रीं निजतात, मुलें तिच्यांत बसून खेळतात. पुढल्या श्रावणांत मध्यरात्रीं हांक आली म्हणजे दहाजण मिळून तिला उचलतात आणि पाण्यांत लोटतात. त्या घटकेस तिच्या अंगांत काय दुखणें आहे, हें पाहण्यास कोणास सवड नसते. कांचतंतूची, म्हणजे बोलींतील 'फायबरची', नाव जुनी झाली असतां तिचें दुखणें कसें ओळखावें, तें कसें बरें करावें, आणि त्यास कोणता ऋतु योग्य, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

कोल्हापूर समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पूर्वेस वसलेलें. तरी नावेशीं त्याचें नातें जुनें आहे. १८१२ च्या तहानें मालवणचें बंदर इंग्रजांच्या हवालीं होईपर्यंत करवीर राज्याचा एक पाय खाऱ्या पाण्यांत होता. देशावर पाहावें तर कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचें पाणी घेऊन निघालेली पंचगंगा नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. पूल होण्यापूर्वीं या सर्व टापूंत पैलतीर गांठावयाचा तो नावेनेंच. नाव नसेल तर गुऱ्हाळावरची काहील उपयोगीं पडे. ज्या लोखंडी कढईंत माघांत उसाचा रस आटावयाचा, तीच श्रावणांत माणसें तारीत असे, आणि पूर फार चढला म्हणजे आजहि ती पाण्यांत उतरते.

जुन्या लांकडी नावेच्या अंगीं एक मोठा गुण होता. ती आपलें दुखणें लपवीत नसे. फळी वाळली कीं सांधा उघडे, सांधा उघडला कीं पाणी आंत येई, आणि पाणी आलें कीं नावाडी हातांतलें काम टाकून तिकडे पाही. म्हणून तिच्या निगेचें एक वार्षिक पंचांगच ठरून गेलें होतें. कोंकणांतील नाखवा पावसाळ्यापूर्वीं होडी वर ओढून घेई, तिचे सांधे कापूस व राळ घालून बुजवी, अंगास तेल चोळी, आणि नारळी पौर्णिमेस तिला पुन्हां समुद्रांत सोडी. लांकूड त्यास आळशी होऊं देत नसे.

कांचतंतूच्या नावेनें हा धाक नाहींसा केला. कांच वितळवून केंसाहून बारीक धागे काढतात. त्यांच्या चटया किंवा कापड सांच्यांत अंथरून त्यांवर रेझिन नांवाची कृत्रिम राळ भिजवितात. राळेंत घट्ट करणारें द्रव्य मिसळलेलें असल्यामुळें ती कांहीं वेळांत दगडासारखी होते. काँक्रीटमध्यें लोखंडी सळई जें काम करते, तेंच येथें कांचेचा धागा करतो. बाहेरून जेलकोट म्हणून एक गुळगुळीत रंगीत थर असतो. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंत अशा लहान शिडाच्या नावा प्रथम तयार झाल्या आणि पुढील वीस-पंचवीस वर्षांत जगभर पसरल्या. हिला वाळवी लागत नाहीं, गंज चढत नाहीं, सांधेच नसल्यामुळें गळती नाहीं. यावरून हिला निगाच नको, असा समज रूढ झाला. कांचेचा धागा कुजत नाहीं, हें खरें आहे. परंतु नाव म्हणजे केवळ कांचेचा धागा नव्हे.

जे लोक अशा नावांवर आपले प्राण सोंपवून महासागरांत जातात, त्यांचें वर्तन या समजाच्या अगदीं उलट असतें. १९८५ ते १९८७ या काळांत भारतीय सैन्याच्या अभियंत्यांनीं 'तृष्णा' नांवाच्या ३७ फुटी शिडाच्या नौकेंतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. ती नौका कांचतंतूचीच, आणि तीहि इंग्लंडांत जुनी विकत घेतलेली. गोव्यांत मांडवीच्या पात्रांतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत 'म्हादेई' ही ५६ फुटी नौका बांधली गेली. तिचा गाभा लांकडाचा आणि वरचें कवच कांचतंतूचें. २००९ ते २०१० मध्यें दिलीप दोंदे यांनीं तिच्यांतून एकट्यानें प्रदक्षिणा पुरी केली, आणि त्याच नौकेंतून अभिलाष टॉमी यांनीं २०१२-१३ सालीं कोठेंहि न थांबतां ती केली. एकच नौका दोनदां पृथ्वीभोंवतीं फिरून येते, ती केवळ बांधणीच्या बळावर नव्हे. अशा नौकेवर रोज दोरी तपासली जाते, खिळा पाहिला जातो, पाण्याचा थेंब दिसला तर त्याचें मूळ शोधलें जातें. 'म्हादेई'ची बहीण म्हणावी अशी 'तारिणी' घेऊन लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्या पांच सहकारी स्त्री-अधिकारी २०१७-१८ मध्यें पृथ्वीप्रदक्षिणेस गेल्या. परतीच्या वाटेवर त्यांस मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरांत थांबावें लागलें, तें सुकाणूच्या यंत्रांत बिघाड झाल्यामुळें. कवच शाबूत असतांहि नौका अडते, ती अशा जोडकामामुळें.

आतां या नावेचीं दुखणीं पाहूं गेल्यास तीं मुख्यत्वें चार आहेत.

पहिलें दुखणें उन्हाचें. कोल्हापुरांतील चैत्र-वैशाखाचें ऊन जेलकोटास कोरडें करतें. त्याची चकाकी जाते, हात फिरविला तर खडूसारखी भुकटी बोटांस लागते, आणि पुढें बारीक तडे पडतात. एवढ्यावर थांबलें तर बारीक पॉलिशकागद व मेण यांनीं काम भागतें. परंतु तडा खोल गेला म्हणजे तो पाण्यास दार उघडून देतो.

दुसरें दुखणें पाण्याचें. राळ दिसते तितकी अभेद्य नसते. पाणी तिच्यांतून फार सावकाश कां होईना, आंत झिरपतें. आंतील विरघळणारीं द्रव्यें त्यांत मिसळून आंबट द्रव तयार होतो, तो आणखी पाणी ओढून घेतो, आणि वरचा थर फोडासारखा उचलला जातो. असा फोड फोडला तर व्हिनेगरसारखा उग्र वास येतो. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. जेलकोट असतो तो बाहेरच्या अंगास. आंतील अंग बहुधा तसेंच उघडें, खरबरीत असतें. म्हणून पाण्यावर तरंगणाऱ्या नावेपेक्षां पोटांत पावसाचें पाणी घेऊन जमिनीवर पडलेली नाव अधिक लवकर भिजते. चिंचेखालच्या नावेचा घात होतो तो असा.

तिसरें दुखणें पोटांत दडलेल्या लांकडाचें. पुष्कळांस हें ठाऊकच नसतें कीं, कांचतंतूच्या नावेंतहि लांकूड असतें. इंजिन जेथें अडकवितात ती मागची उभी भिंत भक्कम व्हावी म्हणून तिच्या पोटांत प्लायवूडची फळी घातलेली असते. बैठकींखालीं आणि तळाच्या आडव्या बहालांतहि ती पुष्कळदां असते. इंजिनाच्या बोल्टांसाठीं पाडलेल्या भोंकांतून पाणी आंत शिरतें, आणि दोन्हीं बाजूंनीं कोंडलेली ती फळी कोणास न कळतां कुजून जाते. वरून नाव नवी दिसते. पण पुरांत इंजिनाचा जोर लागला म्हणजे तीच भिंत लवूं लागते.

चौथें दुखणें माराचें. पुराचें पाणी नदीच्या पाण्यासारखें मोकळें नसतें. त्याच्या खालीं कुंपणाच्या भिंती, लोखंडी फाटकें, विजेचे खांब, उसाचीं खोडें असतात. अशा आघातानें जेलकोटावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा उमटतात. रेघ लहान दिसली तरी तिच्या मागचे थर एकमेकांपासून सुटलेले असूं शकतात.

हीं दुखणीं ओळखण्यास मोठीं यंत्रें लागत नाहींत. बाजारांत मडकें घेतांना गृहिणी त्यावर टिचकी मारून पाहते, तसेंच येथें करावयाचें. लहानशा हातोडीच्या दांड्यानें किंवा जाड नाण्यानें नावेचें अंग वीत-वीत अंतरावर ठोकीत जावें. निरोगी जागीं खणखणीत आवाज येतो. थर सुटलेल्या किंवा भिजलेल्या जागीं तो बद्द होतो. तेथें खडूनें वर्तुळ करावें. मागच्या भिंतीच्या माथ्यावर दोघांनीं भार देऊन ती हलते का पाहावें. शेवटीं नाव उचलून पाहावी. पूर्वीं सहाजणांनीं उचलली जाणारी नाव आठजणांस आटोपत नसेल, तर तिच्या पोटांत पाणी मुरलें आहे असें समजावें.

हें वाढलेलें वजन साधी गोष्ट नव्हे. बैठकींखालच्या फोमांत १०० लिटर पाणी मुरलें, तर नावेवर १०० किलोंचा भार कायमचा चढला. दीड माणसाची जागा अशी रिकामी असूनहि भरलेली असते. शिवाय नाव उलटली तर तिला तरंगत ठेवण्याचें जें काम फोमनें करावयाचें, तेंहि तो करूं शकत नाहीं. नावेवर माणसांच्या संख्येची पाटी असते ती कोरड्या, धडधाकट नावेसाठीं. ८ ऑगस्ट २०१९ रोजीं सांगली जिल्ह्यांतील ब्रह्मनाळ येथें पूरग्रस्तांस घेऊन निघालेली नाव उलटली आणि बायका-मुलांसह अनेक माणसें बुडालीं. नावेंत भार फार झाला होता, असें त्या वेळीं सांगण्यांत आलें. पाणी दारांत आलें असतां 'आणखी एकास घ्या' या विनवणीस नाहीं म्हणणें फार कठीण असतें. म्हणून आपली नाव खरोखर किती माणसांची आहे, हें आधींच, शांतपणें, ठरवून ठेवावें लागतें.

दुरुस्तीचें पहिलें तत्त्व म्हणजे कोरडेपणा. ओल्या अंगावर चढविलेला थर वरून चिकटल्यासारखा दिसतो, पण धरत नाहीं. म्हणून कार्तिकांत नाव गोड्या पाण्यानें स्वच्छ धुवावी, फोड फोडून जागा उघड्या कराव्या, त्याहि वारंवार धुवाव्या, आणि पौष-माघाच्या कोरड्या वाऱ्यांत तिला आडोशाखालीं वाळूं द्यावें. यास आठवडे लागतात, कधीं महिनेहि लागतात. खरी दुरुस्ती फाल्गुन-चैत्रांत करावी. तीहि सकाळच्या वेळीं, सावलींत, कारण भर उन्हांत राळ हातांतल्या हातांत गोठते.

भेग बुजवितांना नुसती पुट्टी भरून वर रंग लावणें ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत घातक चूक होय. भेगेभोंवतालचा दुबळा भाग कापून टाकावा, आणि कडा अशा घासाव्या कीं जाडी हळूहळू उतरत जाईल. उताराची लांबी जाडीच्या बारा पट असावी, असा नौकाकारांचा दंडक आहे. म्हणजे भिंत ६ मिलिमीटर जाड असेल, तर भेगेच्या प्रत्येक बाजूस ७२ मिलिमीटर, जवळजवळ तीन इंच, उतार पाहिजे. भोंक बोटाएवढें आणि घासलेली जागा ताटाएवढी, हें पाहून नवख्या माणसास आश्चर्य वाटतें. पण नवा थर जुन्यास धरून राहतो तो या रुंद जागेच्या बळावर. मग लहानापासून मोठ्यापर्यंत कापडाचे तुकडे एकावर एक बसवावे, रोलर फिरवून त्यांतील हवेचे बुडबुडे काढावे, आणि एका वेळीं फार थर चढवूं नयेत. राळ घट्ट होतांना तापते, आणि जाड थर आपल्याच उष्णतेनें तडकतो.

राळ दोन प्रकारची मिळते. पॉलिएस्टर स्वस्त असून नाव बहुधा तिचीच घडविलेली असते. इपॉक्सी महाग, पण जुन्या अंगास ती अधिक घट्ट धरते, म्हणून जोखमीच्या जागीं तीच वापरणें बरें. मात्र इपॉक्सीबरोबर चटईऐवजीं विणलेलें कापड घ्यावें, आणि एकदां इपॉक्सी लावल्यावर तिच्यावर पॉलिएस्टर चढवूं नये. तें नीट चिकटत नाहीं. पॉलिएस्टरमध्यें घट्ट करणारें द्रव्य शेंकडा एक ते दोन एवढेंच लागतें. तें डोळ्यांत गेल्यास दृष्टि जाण्याचें भय असतें. राळेंत घालावयाचें कोबाल्ट आणि हें द्रव्य यांस एकमेकांत थेट कदापि मिसळूं नये, स्फोट होतो. कांचेची धूळ फुप्फुसांत जाऊं नये म्हणून तोंडास मास्क, डोळ्यांस चष्मा आणि हातांत मोजे पाहिजेत, आणि कामाच्या जागीं विडीकाडीस मज्जाव पाहिजे.

कुजलेल्या मागच्या भिंतीस मात्र मलमपट्टी चालत नाहीं. आंतील बाजूचें कवच कापून कुजकें लांकूड पार काढावें, नवी उत्तम प्लायवूडची फळी इपॉक्सीनें बसवावी, आणि वर पुन्हां कांचतंतूचे थर द्यावे. बोल्टाचें प्रत्येक भोंक मोठें पाडून इपॉक्सीनें भरावें आणि त्या भरावांतून नवें भोंक पाडावें. म्हणजे पुढें पाणी झिरपलें तरी तें लांकडास शिवत नाहीं. हें काम जाणत्या कारागिराचें आहे. ज्या शहराच्या उद्यमनगरांत ओतकामापासून इंजिनांपर्यंत सारें घडतें, तेथें असा कारागीर मिळणें कठीण नाहीं; त्यास पुरेशा आधीं बोलावलें पाहिजे, इतकेंच.

राहतां राहिली ठेवण. नाव पालथी घालून, जाड गोणपाट गुंडाळलेल्या ओंडक्यांवर, छपराखालीं ठेवावी. उताणीच ठेवणें भाग असेल, तर तळाचें बूच काढून ठेवावें आणि तें बूच हरवूं नये म्हणून नावेसच दोरीनें बांधावें. इंजिन आणि नाव यांस एकत्र पडूं देऊं नये. इंजिन स्वच्छ पाणी फिरवून धुवावें व त्यांतील पेट्रोल काढून टाकावें. अलीकडील पेट्रोलांत इथेनॉल मिसळलेलें असतें, तें हवेंतील ओलावा ओढून घेतें आणि ऐन वेळीं इंजिन दगा देतें. महिन्यांतून एकदां तें चालवून पाहावें. तरीहि वल्हीं नेहमीं नावेंत असलींच पाहिजेत. पुरांत वाहून आलेला पाला किंवा दोर पंख्यास गुंडाळला म्हणजे शेवटीं मनगटाचाच आधार उरतो. दोर आणि तरंगण्याचीं जाकिटें उन्हानें कुजतात, म्हणून तीं अंधाऱ्या, कोरड्या खोलींत टांगावीं, आणि त्यांचे बंद दरवर्षीं ओढून पाहावे.

या सर्वांस फार पैसा लागतो असें नाहीं. लागतें तें एक माणूस आणि एक वही. अमुक दिवशीं धुतली, अमुक जागीं बद्द आवाज आला, अमुक महिन्यांत इंजिन चालविलें, एवढें त्या वहींत लिहिलेलें असावें, आणि ती ग्रामसभेंत किंवा तरुण मंडळाच्या बैठकींत वर्षांतून एकदां वाचली जावी. शहरांतील सुशिक्षित कुटुंबांचेंहि येथें कर्तव्य आहे. महापुराच्या दिवसांत भाकरी-चटणी, कपडे आणि औषधें पाठविण्यांत कोल्हापूरकरांचा हात आंखडत नाहीं. त्यांतील थोडी कळकळ माघ महिन्याकडे वळवावी. आपल्या गांवची, आपल्या पेठेची नाव कोठें आहे आणि तिची वही कोणाकडे आहे, याची चौकशी करावी.

वैशाखांत नदी संथ असते, घाटावर गर्दी असते, मुलांना सुट्टी असते. दुरुस्त झालेल्या नावेची परीक्षा घेण्यास याहून चांगला काळ नाहीं. तींत पाटीवरील संख्येइतकीं माणसें बसवून तिला पैलतीरीं न्यावें, परत आणावें, तळाशीं ओल दिसते का पाहावें, आणि गांवांतील चार तरुणांच्या हातीं वल्हीं देऊन त्यांस तीं मारावयास शिकवावें. मग मृगाचा पाऊस पडण्यापूर्वीं ती छपराखालीं, दोर व वल्हीं यांसह, जागच्या जागीं सज्ज ठेवावी.